वाटेवरचे बेट आणि वाटेअखेरचे बेट : सेंट हेलेनाच्या दळणवळणाचा इतिहास

१. प्रास्ताविक

लहान बेटांच्या आर्थिक विकासाचा विचार करताना एक गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते. धक्का बांधावा, पूल घालावा किंवा विमानतळ उभारावा, म्हणजे प्रवासी येऊ लागतील. प्रवासी आले म्हणजे रोजगार वाढेल. आणि रोजगार वाढला म्हणजे पोटासाठी बाहेर गेलेली तरुण मंडळी बेटावर परततील, अशी ही विचारसरणी आहे. दळणवळण हे कारण आणि पर्यटन हे त्याचे कार्य, असा सरळ संबंध तीत मानलेला असतो. हा संबंध कितपत खरा आहे, हे एका बेटाच्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे बेट म्हणजे दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या सुमारे ४,४०० भरली. सर्वांत जवळची वस्ती असेन्शन बेटावर, ती सुमारे १,३०० किलोमीटरांवर; आफ्रिकेचा किनारा १,९०० किलोमीटरांहून अधिक दूर. अभ्यासासाठी हे बेट निवडण्याचे कारण असे की, येथे मूळचे रहिवासी कोणी नव्हतेच. बेटावरचा प्रत्येक मनुष्य किंवा त्याचा पूर्वज कोणत्या ना कोणत्या जहाजातून उतरलेला आहे. त्यामुळे दळणवळणाचा इतिहास हा ह्या समाजाच्या इतिहासाचा एक भाग नसून तो त्याचा पाया आहे. नेपोलियनच्या बंदिवासामुळे हे नाव आपल्याकडील वाचकांना परिचित आहे. परंतु ती सहा वर्षे बाजूला ठेवून पाच शतकांचा क्रम पाहिला, तर निराळाच बोध होतो.

लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे सांगता येईल : सेंट हेलेनाला जी भरभराट लाभली, ती ते बेट दुसरीकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर होते म्हणून लाभली. पुढे ती वाट मोडली आणि बेट वाटेच्या अखेरीस येऊन पडले. वाटेवरच्या बेटाला लागणारे दळणवळण आणि वाटेअखेरच्या बेटाला लागणारे दळणवळण ही एका जातीची नव्हेत, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच तेथील आधुनिक विमानतळाविषयी एकीकडे अवाजवी आशा व दुसरीकडे अवाजवी निराशा निर्माण झाली.

२. वाऱ्याने घालून दिलेली वाट

परंपरेनुसार १५०२ साली हिंदुस्थानातून परतणाऱ्या पोर्तुगीज आरमाराचा नायक जुआंव द नोव्हा ह्याला हे बेट प्रथम दिसले. ‘परतणाऱ्या’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात केप ऑफ गुड होप ओलांडून युरोपकडे निघालेल्या जहाजाला आग्नेय व्यापारी वारे आपोआप सेंट हेलेनाच्या दिशेने घेऊन येत. उलटपक्षी, युरोपातून पूर्वेकडे जाणारी जहाजे हेच वारे टाळण्यासाठी ब्राझीलच्या बाजूने मोठा वळसा घालीत. त्यांना हे बेट सोयीचे नव्हते. म्हणजे बेट वाटेवर होते, पण एकाच दिशेच्या. महिनोन् महिने समुद्रावर काढलेल्या, पाणी नासलेल्या व खलाशी आजारलेल्या जहाजांना गोडे पाणी, ताजी फळे आणि मांस पुरविणे हेच त्याचे प्रयोजन ठरले.

बेटाचा पहिला ज्ञात दीर्घकालीन रहिवासी हाही ह्याच परतीच्या वाटेवरचा प्रवासी होता, आणि त्याची कथा गोव्यात सुरू होते. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज सरदार गोव्यात आदिलशाही पक्षाला जाऊन मिळाला. १५१२ साली तो पकडला गेला, तेव्हा आल्बुकर्कने त्याला ठार न मारता त्याचे नाक, कान, उजवा हात व डाव्या हाताचा अंगठा तोडविला. पुढे मायदेशी परतत असताना १५१५-१६ च्या सुमारास तो सेंट हेलेनावर उतरला व मागेच राहिला. मध्यंतरी एकदा युरोपात जाऊन आल्याचा अपवाद वगळता, सुमारे १५४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. जहाजे येत, त्याच्यासाठी वस्तू ठेवीत आणि त्याने लावलेल्या बागेतील फळे घेऊन पुढे जात. वाटेवरच्या बेटाचा व्यवहार कसा असतो, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्या माणसाला भेटण्यासाठी कोणी येत नव्हते. जे येत, ते दुसरीकडे जायला निघालेले असत.

१६५९ साली इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने बेटावर वसाहत केली व जेम्सटाउन हे गाव वसविले. मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले ते त्यानंतर नऊ वर्षांनी, १६६८ मध्ये. एकाच धन्याच्या ह्या दोन बेटांची तुलना उद्बोधक ठरते. मुंबईच्या बेटांना भरावांनी आणि बांधरस्त्यांनी क्रमाक्रमाने एकमेकांशी व मुख्य भूमीशी जोडण्यात आले. १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता खुला झाला, तोवर मुंबई ‘बेट’ ह्या अर्थाने बेट उरली नव्हती. तिच्या पाठीमागे मोठा मुलूख होता. सेंट हेलेनाच्या पाठीमागे पाण्याखेरीज काहीच नव्हते. मुंबईला रस्ता मिळाला तो मुलखाकडे जाणारा. सेंट हेलेनाला जो मिळाला, तो केवळ जवळून जाणारा.

ही अवस्था दोन शतके टिकली. कंपनीची परतीची गलबते बेटाशी एकत्र जमत आणि युद्धकाळात तेथून आरमारी संरक्षणात पुढे निघत. असईच्या लढाईचा (१८०३) विजेता आर्थर वेलस्ली १८०५ साली हिंदुस्थानातून मायदेशी परतताना येथे थांबला आणि ‘द ब्रायर्स’ नावाच्या मळ्यात उतरला. दहा वर्षांनी, १८१५ मध्ये, त्याने वॉटर्लूला पराभूत केलेला नेपोलियनही लॉंगवुडचे घर तयार होईपर्यंत त्याच मळ्यात राहिला. नेपोलियनसाठी हे बेट निवडले गेले ते केवळ ते दूर होते म्हणून नव्हे. दूरची निर्जन बेटे पुष्कळ होती. सेंट हेलेना दूर असूनही कंपनीच्या वाटेवर होते. तेथे फौज पोसता येत होती, बातमी आणता व नेता येत होती. दुर्गमता आणि सुगमता ह्यांचा हा विलक्षण संयोग हेच त्याचे खरे भांडवल होते.

हे भांडवल कोणाच्या श्रमावर उभे होते, हेही नमूद केले पाहिजे. मळे पिकविण्यासाठी व जहाजांना रसद पुरविण्यासाठी कंपनीने गुलाम आणले. १७९२ मध्ये नव्या गुलामांच्या आयातीस बंदी झाली आणि १८३२ पर्यंत बेटावरील गुलाम मुक्त झाले. १८१० पासून चिनी मजूरही आणले गेले. आजचा सेंट हेलेनी समाज, जो स्वतःला ‘सेंट्स’ म्हणवितो, तो ह्या सर्व प्रवाहांतून घडला आहे.

३. वाट मोडली

१८३४ साली बेट कंपनीकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेले. व्यापार मात्र त्यानंतरही वाढतच होता. १८५५ मध्ये सुमारे १,१०० जहाजांनी तेथे नांगर टाकल्याची नोंद आहे. १८८९ मध्ये ही संख्या २८८ वर आली. चौतीस वर्षांत तीनचतुर्थांश वाहतूक नाहीशी झाली.

ह्या ऱ्हासाचे खापर बहुधा १८६९ साली खुल्या झालेल्या सुवेझ कालव्यावर फोडले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. वाफेच्या जहाजाला व्यापारी वाऱ्यांची गरज नव्हती, आणि प्रवासाचे दिवस कमी झाल्यामुळे वाटेत पाणी व ताजे अन्न घेण्याची निकडही उरली नव्हती. म्हणजे केप ऑफ गुड होपवरून जाणाऱ्या जहाजांनाही सेंट हेलेनाशी थांबण्याचे कारण उरले नाही. वाट दुसरीकडे वळली आणि जी राहिली तीही बेटाला बगल देऊन जाऊ लागली. १८७० नंतरच्या दशकात अनेक कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत निघून गेली. १९०६ मध्ये शिबंदीही काढून घेण्यात आली.

पुढील साठ वर्षे वाखाच्या धंद्याने बेटाला काहीसा आधार दिला. न्यूझीलंडहून आणलेल्या झाडाच्या पानांपासून निघणाऱ्या वाखाचे दोर व सुतळी होत, आणि ब्रिटिश टपालखाते त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. कृत्रिम धाग्याची सुतळी स्वस्त पडू लागली तेव्हा, १९६६ च्या सुमारास, हा धंदा बंद पडला. एकाच मालावर, एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच वाहतुकीवर अवलंबून राहण्याचा हा परिणाम होता. १८६९ नंतरच्या घटनांचीच ही लहान प्रमाणावरील पुनरावृत्ती म्हणता येईल.

४. एका जहाजावर जगणारा समाज

इंग्लंड व केप टाउन ह्यांच्या दरम्यान धावणारी युनियन-कॅसल कंपनीची जहाजे बेटाशी थांबत असत. १९७७ मध्ये ती सेवा संपली. ह्यानंतर जे घडले, ते बेटाच्या इतिहासात प्रथमच घडत होते. १९७८ पासून ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने केवळ ह्या बेटासाठी एक जहाज चालविण्यात येऊ लागले. ‘सेंट हेलेना’ हेच त्याचे नाव. त्याच नावाचे दुसरे, मुद्दाम बांधलेले जहाज १९८९ साली ॲबरडीन येथे पाण्यात उतरले व पुढील वर्षी सेवेत आले. त्यावर सुमारे दीडशे उतारूंची सोय होती. आणि उतारूंबरोबरच धान्य, औषधे, मोटारी, टपाल, सिमेंट असे सारे काही त्याच जहाजातून येई. केप टाउनहून बेटावर पोचण्यास पाच रात्री लागत.

बेटाला सुरक्षित बंदर नव्हते. जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभे राही. उतारूंना लहान होडीतून आणले जाई आणि पायऱ्यांवर टांगलेले दोर पकडून लाटेच्या उसळीबरोबर वर पाऊल टाकावे लागे. गव्हर्नर असो की विद्यार्थी, सर्वांना ह्याच पद्धतीने उतरावे लागे.

ह्या जहाजाविषयी बेटावर मोठी आत्मीयता होती, आणि ती अनाठायी नव्हती; परंतु एकाच जहाजावर समाजाचे जीवन टांगलेले असणे म्हणजे काय, हे १९९९ साली दिसून आले. त्या वर्षी इंग्लंडहून बेटाकडे निघालेले जहाज यंत्र बिघडल्याने फ्रान्समधील ब्रेस्ट बंदरात अडकून पडले. बेटाला जाणारा माल थांबला, माणसे अडकली. विमानतळाच्या मागणीला त्यानंतर जोर चढला. २००२ च्या आरंभी घेतलेल्या लोकमतात सत्तर टक्क्यांहून अधिक मतदारांनी विमानतळाच्या बाजूने कौल दिला.

त्याच वर्षी, १९८१ च्या कायद्याने हिरावून घेतलेले पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व बेटवासीयांना परत मिळाले. ही न्याय्य गोष्ट होती. पण तिच्यामुळे इंग्लंडात जाऊन नोकरी करण्याचा मार्गही मोकळा झाला. १९९८ मध्ये पाच हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या २००८ पर्यंत चार हजारांच्या आसपास घसरली. जे उरले त्यांत वृद्धांचे प्रमाण वाढले. विमानतळाचा प्रश्न हा सोयीचा प्रश्न राहिला नाही. समाज टिकणार की नाही, असे त्याचे स्वरूप झाले.

५. धावपट्टी आणि तिच्याखालची जमीन

ब्रिटिश सरकारने २००५ मध्ये विमानतळाची घोषणा केली, २००८ मध्ये आर्थिक संकटामुळे ती स्थगित ठेवली आणि २०१० मध्ये पुन्हा मान्यता दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका बांधकाम कंपनीशी करार झाला. २०१२ साली यंत्रसामग्री घेऊन आलेले जहाज रूपर्ट खाडीत बांधलेल्या तात्पुरत्या धक्क्याला लागले. बेटाच्या इतिहासात जहाज प्रत्यक्ष किनाऱ्याला लागण्याचा तो पहिला प्रसंग होय. तेथून प्रॉस्परस बे प्लेन ह्या पठारापर्यंत सुमारे १४ किलोमीटरांचा रस्ता डोंगर फोडून काढावा लागला. धावपट्टीसाठी पुरेशी सपाट जागा नसल्यामुळे ‘ड्राय गट’ नावाची खोल दरी सुमारे ८० लक्ष घनमीटर दगडमातीने भरून काढण्यात आली. विमानतळाचा एकूण खर्च सुमारे २८ कोटी ५५ लक्ष पौंड झाला.

ह्या रस्त्याने इतिहासाचा एक झाकलेला थरही उघडा केला. १८४० नंतर ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू जहाजांतील पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकी माणसे सेंट हेलेनावर उतरविण्यात आली होती. त्यांतील सुमारे आठ हजार मृत्यू पावली व बहुतांशी रूपर्ट खोऱ्यात पुरली गेली. रस्त्याच्या पूर्वतयारीसाठी २००७-०८ मध्ये झालेल्या उत्खननात ३२५ माणसांचे अवशेष मिळाले. त्यांचे पुनर्दफन व्हावयास २०२२ साल उजाडावे लागले. पर्यटकांना बेटावर आणण्याकरिता बांधलेला मार्ग ज्यांच्या हाडांवरून गेला, तीही माणसे जहाजातूनच, पण आपल्या इच्छेविरुद्ध, तेथे आली होती. नेपोलियनच्या घराची निगा फ्रेंच सरकार १८५८ पासून राखीत आले आहे; ह्या आठ हजारांच्या वाट्याला तशी निगा आली नव्हती. बेटाने प्रवाशाला कोणता इतिहास दाखवावयाचा, हा प्रश्न रस्त्यानेच उपस्थित केला, असे म्हणावयास हरकत नाही.

धावपट्टी तयार झाल्यावर वाऱ्याने अडथळा आणला. १८ एप्रिल २०१६ रोजी बोइंग ७३७ जातीचे मोठे विमान चाचणीसाठी आले, तेव्हा उत्तरेकडून उतरताना वाऱ्याच्या वेगात व दिशेत होणारा आकस्मिक बदल धोकादायक असल्याचे स्पष्ट झाले. नियोजित उद्घाटन पुढे ढकलावे लागले. कड्यावरचे वारे हा काही नवा शोध नव्हता. १८३६ साली बेटावर आलेल्या चार्ल्स डार्विनने एका उंच कड्याच्या टोकाशी उभे असता आपल्याभोवती हवा निश्चल आहे आणि काही यार्डांवर पक्षी सोसाट्याच्या वाऱ्याशी झुंजत आहेत, असे पाहून त्याची नोंद करून ठेवली होती. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने डिसेंबर २०१६ मध्ये ह्या बाबतीतील दूरदृष्टीच्या अभावावर कडक टीका केली. ज्या वाऱ्यांनी एके काळी बेटाला वाटेवर आणून ठेवले होते, त्याच आग्नेय वाऱ्यांचा हिशेब नव्या वाटेच्या योजनेत नीट धरला गेला नव्हता.

अखेर लहान विमानाची निवड करून १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिली नियमित सेवा सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये जुन्या जहाजाने बेटाचा शेवटचा निरोप घेतला. माल आणण्याचे काम निराळ्या मालवाहू जहाजाकडे गेले.

६. दोन हिशेब

विमानतळाच्या खर्चाचे समर्थन मुख्यतः पर्यटनाच्या आधारे करण्यात आले होते. कालांतराने वर्षाकाठी सुमारे तीस हजार पर्यटक येतील आणि बेटाला ब्रिटिश अनुदानाची गरज उरणार नाही, असा अंदाज होता. आता आरंभीची सेवा पाहा. आठवड्यास एक विमान आणि त्यात, वजनाच्या मर्यादेमुळे, ७६ उतारू. बावन्न आठवड्यांचा गुणाकार केल्यास वर्षास ३,९५२ जागा होतात. आणि ह्या जागांतच सुटीवर घरी येणारे बेटवासी, सरकारी अधिकारी, डॉक्टर व शिक्षक ह्यांचाही समावेश होतो. अपेक्षित संख्या आणि उपलब्ध जागा ह्यांतील हे अंतर जाहिरातीने भरून येण्यासारखे नव्हते. पुढे मार्च २०२० मध्ये साथीमुळे नियमित सेवा बंद पडली व ती पुन्हा सुरू होण्यास दोन वर्षे लागली.

येथे वाटेवरचे बेट आणि वाटेअखेरचे बेट हा भेद उपयोगी पडतो. १८५५ सालच्या १,१०० जहाजांचा प्रवासखर्च सेंट हेलेनाला उचलावा लागला नव्हता. तो हिंदुस्थान व चीनच्या मालाने उचलला होता. बेटाला फक्त पाणी, भाजी व नांगर टाकण्यास जागा द्यावयाची होती. आजच्या विमानाला मात्र सेंट हेलेनाखेरीज दुसरे गंतव्य नाही. त्याच्या येण्याजाण्याचा सारा भार बेटाकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटावर, आणि ते पुरले नाही तर सरकारी अनुदानावर, पडतो. प्रवाशाला यावयाचे तर मुद्दाम यावे लागते. लॉंगवुडचे घर, जेम्सटाउनची जुनी वस्ती, व्हेल शार्क, इतरत्र न आढळणारा ‘वायरबर्ड’ पक्षी, ह्यांसाठी मुद्दाम येणारे आहेत. १७७४ साली बांधलेल्या अधिकारीनिवासाचे २०१७ मध्ये त्यांच्यासाठी हॉटेलही झाले. परंतु मुद्दाम येणाऱ्यांची संख्या वाटसरूंच्या संख्येप्रमाणे वाढत नाही.

मात्र ह्यावरून विमानतळ फसला असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. मे २०१७ मध्ये, नियमित सेवा सुरू होण्यापूर्वीच, जहाजाच्या पंख्यातील बिघाडामुळे अडकलेल्या उतारूंना नेण्यासाठी विशेष विमान आणावे लागले. त्याच वर्षी असेन्शनच्या धावपट्टीची दुरवस्था होऊन तेथील इंग्लंडकडील विमानमार्ग बंद पडला. तेथे नोकरीस असलेल्या बेटवासीयांना सेंट हेलेनाहून दरमहा जाणारे विमान हाच आधार झाला. अत्यवस्थ रुग्णाला पाच रात्रींऐवजी काही तासांत दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयात नेता येऊ लागले. आईबापांच्या अंत्यसंस्काराला मुलाला पोचता येणे शक्य झाले. पर्यटकांच्या हिशेबवहीत ह्या गोष्टींना रकाना नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, दळणवळणाचे साधन स्वतः रहदारी निर्माण करीत नाही. सेंट हेलेनाच्या वैभवकाळात तेथे धड धक्काही नव्हता आणि जहाजे हजारांनी येत. विमानतळ झाला तेव्हा वाट मोडून दीडशे वर्षे होत आली होती. दुसरा असा की, वाटेअखेरच्या समाजाला जाण्यायेण्याचे साधन मिळावे की नाही, हा प्रश्न पर्यटनाच्या नफातोट्यावर सोपविणे योग्य नव्हे. डोंगरातल्या शेवटच्या खेड्याला रस्ता देताना तेथे किती प्रवासी येतील असे आपण विचारीत नाही. तेथे माणसे राहतात, एवढे कारण पुरेसे मानतो.

ब्रिटिश सरकारने विमानतळ दिला, पण तो देण्यासाठी तीस हजार पर्यटकांचे निमित्त पुढे करावे लागले. साडेचार हजार माणसे हे कारण पुरेसे आहे असे उघडपणे म्हटले असते, तर अपेक्षाही माफक राहिल्या असत्या आणि अपयशाचा शिक्काही बसला नसता. लहान बेटांच्या दळणवळणाचा इतिहास लिहिणाराने ह्यापुढे हे दोन हिशेब निरनिराळे मांडणे अगत्याचे आहे : बेटावर कोण येणार ह्याचा एक, आणि बेटावर कोण राहणार ह्याचा दुसरा. सेंट हेलेनाच्या बाबतीत पहिल्या हिशेबाची चर्चा पुष्कळ झाली आहे. दुसऱ्याचे उत्तर येत्या काही शिरगणत्यांतून मिळेल.